काचपट्टीवरचे ऊन

बहुतेक वर्षी दिवाळीचा आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच आमच्या कोल्हापुरात आणखी एका उजेडाची वाट पाहणे सुरू होते. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना मावळतीचा सूर्य महाद्वारातून देवळात शिरतो, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्याशी पोचतो आणि पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत व तिसऱ्या दिवशी मुखावर येतो. हाच तो किरणोत्सव. कधी आभाळ आडवे येते, कधी वाटेतल्या इमारती आड येतात, आणि मग सारे गाव हळहळते. अलीकडे त्या गर्दीत भौतिकशास्त्राची मुलेही दिसतात. त्यांच्या हातात उजेड मोजण्याचे यंत्र असते. कोणत्या मिनिटाला, कोणत्या उंबऱ्यावर उजेड किती, याचे आकडे ती वहीत टिपून घेतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घोळक्यात आमच्या शेजारची मुलगी होती. देवीला हात जोडावेत की आकडा लिहावा, या पेचात तिने पेन तोंडात धरून हात जोडले होते, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. आज या लेखाला कारण झाली ती हीच मुलगी.

तिचे वडील साखर कारखान्याच्या कचेरीत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगी पदार्थविज्ञानात एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एका संध्याकाळी ते वर्तमानपत्राची घडी काखेत मारून आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, तुम्ही कॉलेजात शिकवताय. तुमीच सांगा हिला. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हणतोय, तर ही म्हणतीया मला सोलरमध्ये जायचंय. आता सोलर म्हणजे काय? माळवदावर प्लेटा बसवायला एम. एस्सी. कशाला लागतीय?"

मी मराठीची प्राध्यापिका. अलंकार आणि वृत्ते यांपलीकडे माझी विद्या जात नाही. पण मास्तरणीला सगळ्यातले सगळे कळते, असा आमच्या गल्लीचा समज आहे आणि तो मोडायला माझीही तयारी नसते. "चौकशी करून सांगते," असे मी बोलून गेले. त्या चौकशीत उन्हाळ्याची सुट्टी गेली.

सुरुवात शब्दापासून केली, कारण तेवढाच प्रांत माझा. आमच्या विद्यार्थिदशेत पाठ्यपुस्तकात 'अपारंपरिक ऊर्जा' असा धडा असे. ऊन, वारा, वाहते पाणी आणि शेण ही अपारंपरिक, आणि जमिनीखालून काढलेला कोळसा तेवढा पारंपरिक! ज्या देशात सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय माणसे अन्नाला शिवत नसत, तिथे हा शब्द कोणाला सुचला असेल? दिल्लीच्या मंत्रालयाच्या इंग्रजी नावातही हाच अर्थ होता; १९९२ साली मिळालेले ते नाव २००६ साली बदलले आणि 'नवीन व नवीकरणीय' असे झाले. मला स्वतःला 'अक्षय ऊर्जा' हा शब्द आवडतो. त्यात द्रौपदीच्या थाळीची आठवण आहे. असो.

मुलीने मला एके दिवशी विद्यापीठात नेले. शिवाजी विद्यापीठ १९६२ च्या १८ नोव्हेंबरला सुरू झाले. तिथल्या भौतिकशास्त्राच्या अधिविभागात मी पहिल्यांदाच पाऊल टाकले. सौर ऊर्जेची प्रयोगशाळा म्हणजे मोठमोठी यंत्रे, चकचकीत आरसे असे काहीतरी माझ्या मनात होते. प्रत्यक्षात दिसला तो एक टेबल, त्यावर गरम पाण्याचे भांडे, आणि त्यात ठेवलेला काचेचा चंबू. चंबूत दोन-तीन काचपट्ट्या उभ्या केलेल्या. आपण शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहायला घेत असू, तशाच त्या पट्ट्या.

"हे काय, काढा करते आहेस काय?" मी विचारले.

"तसंच समजा, काकू," ती म्हणाली.

तिने सांगितले ते मला समजले तसे सांगते. पाण्यात कॅडमियमचा एक क्षार विरघळवायचा, अमोनिया घालायचा, थायोयुरिया नावाचे गंधकयुक्त द्रव्य घालायचे आणि साठ ते ऐंशी अंशांवर शांतपणे तापू द्यायचे. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. त्याने धरले नाही तर सारा साका एकदम तळाशी बसतो आणि काच कोरीच राहते. ते जमले तर तासा-दीड तासाने काचेवर पिवळा, पारदर्शक थर चढतो. या थराची जाडी केसाच्या जाडीच्या शेकडो पट कमी. काही जातींच्या सौर घटांत उजेड आत घेणारी खिडकी म्हणून हाच पदार्थ वापरतात. आपल्या स्वयंपाकघरात दुधावर साय धरते ती मंद आचेवरच, भडक्यावर दूध उतू जाते. तसलाच हा मामला. दुसरी एक रीत पाहिली, तीत तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारतात. तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात तसे ते थेंब काचेवर पडता पडताच सुकतात आणि मागे पदार्थाचा थर राहतो. तिसऱ्या रीतीत काच एकदा या द्रावणात, मग स्वच्छ पाण्यात, मग त्या द्रावणात, पुन्हा पाण्यात अशी आळीपाळीने बुडवतात. पन्नास वेळा, शंभर वेळा. पूर्वी हे हाताने करीत. ऐकूनच माझा हात दुखू लागला.

या साध्या रीतींची कोल्हापुराला सवय कशी लागली, ही कथा मला फार मोलाची वाटली. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामचलाऊ सौर घट तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्के उन्हाची तो वीज करी. त्यानंतर जगभर जे काम सुरू झाले त्याला निर्वात पंप, अतिशुद्ध वायू, उंची भट्ट्या लागत. एवढा पैसा जिल्ह्याच्या गावच्या विद्यापीठाकडे कुठला? तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी चंबू, पाणी आणि तापमापक यांत काय साधते ते पाहिले. प्रा. एस. एच. पवार आणि प्रा. सी. डी. लोखंडे यांनी विजेच्या साहाय्याने द्रावणातून अर्धवाहकांचे पातळ थर चढवण्याच्या विद्येचा आढावा घेणारा निबंध १९८९ साली एका जर्मन नियतकालिकात छापला. पुढे १९९९ साली प्रा. पी. एस. पाटील यांचा फवाऱ्याच्या रीतीवरचा निबंध आला, आणि २००० साली प्रा. लोखंडे व त्यांच्या विद्यार्थ्याचा चंबूतल्या रीतीवरचा. या विषयात हात घालणारा परदेशी विद्यार्थीसुद्धा हे निबंध वाचल्यावाचून पुढे जात नाही, असे मला जाणकारांनी सांगितले. गरिबीमुळे धरलेली वाट हीच पुढे इथली ओळख झाली.

कोल्हापुराला हे नवे नाही म्हणा. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला. उद्यमनगरात लेथवर बसणाऱ्या माणसाला अमुक यंत्र बाहेरून मागवावे लागेल असे सांगा. तो आधी ते उघडून पाहू म्हणेल.

कोल्हापूर ते कोरिया

आता या विद्येचे पुढे काय होते? मुलीच्या वडिलांचा खरा प्रश्न हाच होता.

विद्यापीठात चौकशी करताना एक शब्द वारंवार कानावर येई: कोरिया. अमके सर कोरियाला होते, तमक्या मॅडम परवाच कोरियाहून परत आल्या. आमच्या पिढीत हुशार मुलगा अमेरिकेला जाई. पण या विभागातून डॉक्टरेट घेतलेली कागल, गारगोटी, शिराळ्याकडची मुले गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या संख्येने दक्षिण कोरियातील विद्यापीठांत गेली आहेत. सोलचे हान्यांग विद्यापीठ, ग्वांगजू शहरातले चोन्नाम विद्यापीठ ही नावे इथले विद्यार्थी सांगली-मिरजेसारखी उच्चारतात. कोरियाकडे उत्तम उपकरणे होती, पैसा होता, आणि चंबूसमोर तासन्‌तास बसणारी माणसे हवी होती. आमच्याकडे तीच होती. एक गेला, त्याने दुसऱ्याला बोलावले.

तिकडे सहा वर्षे राहून आलेले एक गृहस्थ मला भेटले. आता ते इकडच्या एका महाविद्यालयात शिकवतात. ते म्हणाले, "पहिला महिना भाषेचा नाही, जेवणाचा कठीण गेला. मग घरून कांदा-लसूण मसाला आला. आमच्या प्रयोगशाळेतल्या कोरियन मुलांना तो इतका आवडला, की पुढच्या पार्सलात दोन किलो मागवावा लागला." मी विचारले, तिकडची यंत्रे पाहून इथले शिक्षण अपुरे वाटले का? त्यांनी थोडा विचार केला. "यंत्राचं बटण दाबायला आठवड्यात शिकता येतं. थर नीट का चढला नाही हे हुडकायला मात्र इथं शिकलो. तिथल्या मुलांना यंत्र बिघडलं की मेकॅनिकची वाट बघायची सवय. आम्ही ते उघडायचो."

हे ऐकून माझी कोल्हापुरी छाती फुगली. पण त्यांनीच पुढे जे सांगितले त्याने ती पुन्हा जागेवर आली. आज आपल्या गच्च्यांवर जे सौर पत्रे बसतात ते जवळजवळ सारे सिलिकॉनचे आहेत. चंबूत चढवलेल्या थरांचा घट अजून कोणाच्या माळवदावर गेलेला नाही.

मला इथे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आठवते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात प्रा. मार्टिन ग्रीन यांनी सिलिकॉनच्या घटांवर आयुष्य घातले. त्यांच्या हाताखाली शिकलेला शी झेंगरोंग नावाचा चिनी विद्यार्थी मायदेशी परतला आणि २००१ साली त्याने सनटेक ही कंपनी काढली. त्याच्या मागोमाग त्या विद्यापीठातले आणखी लोक चीनमध्ये गेले. सनटेक २०१३ साली कर्जात बुडाली, पण धंदा राहिला, कारण तोवर कारखाने, कामगार आणि अभियंते तयार झाले होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली सांगितले, की सौर पत्र्यांच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे एका विद्यापीठातले मूठभर विद्यार्थी आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले एक सरकार, यांनी जगाचा बाजार हलवला. आमच्याकडे विद्यार्थी मूठभर नव्हते, ओंजळभर होते. पण ते परत आले तेव्हा त्यांना घ्यायला इथे कारखाना नव्हता. बहुतेकांना पुन्हा मास्तरकीच धरावी लागली. मास्तरकी वाईट असे मी कशी म्हणेन? पण विद्यार्थ्याने विद्यार्थी घडवायचे, त्याने पुन्हा विद्यार्थी घडवायचे, आणि काच काचेच्याच जागी राहायची, हे मनाला खटकते खरे.

ही गोष्ट मुलीला सांगितली तेव्हा ती चिडली. "काकू, घट गच्चीवर गेला नाही म्हणून काम वाया गेलं असं नाही." ऊन दिवसाच मिळते आणि दिवे आपण रात्री लावतो, वीज साठवायची कशी, हा आता खरा पेच आहे. थर चढवण्याची जी विद्या सौर घटासाठी शिकली, तीच आज साठवणीच्या साधनांना लागू पडते. सुपरकपॅसिटर म्हणून एक साधन आहे, ते बॅटरीपेक्षा कितीतरी लवकर भरते आणि लवकर रिकामे होते. इथल्या प्रयोगशाळांत आता त्यावरच भर आहे. "आणि बॅटरीच्या कारखान्यांना ही माणसं लागणार," असे तिने ठासून सांगितले. वयाच्या तेविसाव्या वर्षी माणसाने असेच ठासून बोलावे.

मामेभावाचा मार्ग

वडिलांच्या मनात मात्र निराळीच तुलना चालली होती. मुलीचा एक मामेभाऊ गडहिंग्लजकडचा. आय. टी. आय.मध्ये वीजतंत्री झाला आणि मग त्याने 'सूर्यमित्र' हा अभ्यासक्रम केला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ साली सुरू केलेले हे सहाशे तासांचे, सुमारे तीन महिन्यांचे शिक्षण. फी नाही, राहण्याची सोय. हा मुलगा आज गच्च्यांवर सौर संच बसवतो आणि बरे कमावतो. "डिग्री हिची मोठी, पण भाकरी त्याची," असे वडील मला दोनदा म्हणाले.

त्या मुलाशी मी मुद्दाम बोलले. रविवारी तो आला, चहा घेतला आणि मोकळेपणाने बोलला. पत्रे दक्षिणेकडे तोंड करून, साधारण गावाच्या अक्षांशाइतके कलते बसवतात. आमच्या कोल्हापूरचा अक्षांश पावणेसतरा अंशांच्या आसपास. पत्र्याला ऊन हवे पण उष्णता नको. सिलिकॉनचा पत्रा पंचवीस अंशांच्या वर तापला की प्रत्येक अंशाला त्याची ताकद शेकडा पाव ते अर्धा टक्का घटते. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते, तेव्हा पत्रा सर्वांत जास्त वीज देत असेल हा माझा समज चुकीचा. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली एका पत्र्यावर पडली तरी ओळीतल्या साऱ्यांचा जोर उतरतो. अर्थिंग नीट नसेल तर वळवाच्या विजेत सगळे जळते. हे सारे तो बोटांवर मोजल्यासारखे सांगत होता.

"मग तू सुखी आहेस तर," मी म्हटले.

"काम हाय, काकू. पण एका ठेकेदारानं तीन महिन्यांचा पगार बुडवला. आणि माळवदावर चढायला आज जमतंय; पन्नाशीत जमंल का? डिझाइन करणारा सायब हापिसात बसतो. त्याला इंजिनियरिंगची डिग्री लागती." जरा थांबून तो म्हणाला, "ताईचं शिकणं थांबवू नका म्हणावं मामांना."

या धंद्यात खालच्या पायरीवरून मधल्या पायरीवर चढायला शिडी नाही, हे मला त्याच्या बोलण्यातून कळले. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि पाच-सहा वर्षांची डॉक्टरेट आहे. मधे अभियांत्रिकीचे एम. टेक. आहे, पण ते अभियंत्यांसाठी. पवईच्या आय. आय. टी.त ऊर्जेचा स्वतंत्र अभ्यासक्रम ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून चालत आला, २००७ साली त्याचा पूर्ण विभाग झाला, आणि २०१० पासून तिथे सौर विजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाने तर १९८७ सालीच विकसनशील देशांतल्या पदवीधरांसाठी असा अभ्यासक्रम काढला. त्यात पुस्तकी पाठ आणि हाताने काम करणे दोन्ही आहे. सूर्यमित्र झालेल्या आमच्या गडहिंग्लजच्या मुलाला रात्रीच्या वर्गातून हळूहळू वर नेणारे काही तरी इथे असते, तर देशाचे किती काम झाले असते! शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली ती खेड्यातला मुलगा शिकण्यासाठी गावात टिकावा म्हणून. सौर संच बसवणाऱ्या मुलाचे वसतिगृह अजून व्हायचे आहे.

आणि काम तर अफाट पडले आहे. २०२५ च्या जानेवारीत देशातील सौर विजेची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. हा आकडा नुसता ऐकून डोक्यात शिरत नाही, म्हणून मी तो कोयनेने मोजला. कोयनेची एकंदर क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे पन्नास कोयना! अर्थात सूर्य रात्री झोपतो, कोयनेचे पाणी रात्रीही पडते, तेव्हा हा हिशोब केवळ क्षमतेचा, प्रत्यक्ष विजेचा नव्हे, हे मुलीने मला बजावले आहे. शाहू महाराजांच्या राधानगरी धरणावर गेल्या शतकाच्या पन्नाशीत जे वीजघर झाले ते अवघे ४.८ मेगावॅटचे. त्या काळी ते पाहायला माणसे बैलगाडीतून जात असतील.

मी ही माहिती सांगत असता वडील एकदम उठून बसले. "वहिनी, मग आमच्या कारखान्यातली वीज यातच येती का?"

येते की! उसाचे गाळप झाले की वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बगॅस उरतो. त्यात निम्मे पाणी असते, तरी तो उत्तम जळतो. पूर्वी तो जुन्या बॉयलरमध्ये कसाबसा जाळून टाकीत. आता जास्त दाबाचे बॉयलर आले; त्या वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज मंडळाला विकली जाते. जिल्ह्यातल्या अनेक कारखान्यांत हे सहवीजनिर्मितीचे काम चालते. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून साखरेच्या धंद्यातली माणसे शिकवते आहे. बॉयलर चालवणाऱ्याला सरकारी परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास झालेला अभियंता कारखान्याला सहज मिळत नाही. वडिलांनी उभी हयात त्या धुराड्याखाली काढली, बिले पास केली, आणि आपण अक्षय ऊर्जेच्या कारखान्यात नोकरी करतो हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळले!

शेतात राहणारे उसाचे पाचट मात्र अजून कितीतरी ठिकाणी पेटवून देतात. त्याचा कोळसा करून चुलीला वापरण्याची रीत पुण्याच्या 'आरती' या संस्थेने काढली आणि तिला २००२ साली इंग्लंडचे अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले. २००६ साली स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राबद्दल पुन्हा मिळाले. हे काम उभे करणारे डॉ. आनंद कर्वे म्हणजे 'युगान्त'कार इरावतीबाईंचे चिरंजीव. मराठीच्या वर्गात 'युगान्त' शिकवताना खरकट्याची ही गोष्ट मी हटकून सांगते. मुले पुस्तक विसरतात, पण ही गोष्ट लक्षात ठेवतात.

निकाल लागला. मुलगी पहिल्या वर्गात आली. घरात पंधरा दिवस अबोला होता. संशोधनासाठी राष्ट्रीय परीक्षेत वर आलेल्याला केंद्राची शिष्यवृत्ती मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून ती महिना ३७,००० रुपये आहे. ती न मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती यांची दारे आहेत, पण तिथे वाट पाहावी लागते, आणि वाट पाहण्याच्या काळात घर वडिलांच्या पेन्शनवर. धाकटा भाऊ अजून बारावीला. वडील कठोर नव्हेत, घाबरलेले होते. मुलीचे लग्न हा शब्द त्यांनी माझ्यापुढे काढला नाही, पण तो त्या खोलीत बसलेला होता हे मला दिसत होते. आईने मात्र एका वाक्यात विषय मिटवला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दोन्ही फॉर्म भर. जे आधी येईल ते कर, पण कुढत बसू नकोस."

तिने दोन्ही भरले. बँकेच्या पूर्वपरीक्षेत ती पास झाली. मुख्य परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे राष्ट्रीय परीक्षेचे गुण आले: अध्यापनासाठी पात्र, शिष्यवृत्तीला थोडक्यात हुकलेली. बँकेची मुख्य परीक्षा तिने दिली, आणि परत येताना डॉक्टरेटच्या प्रवेशाचा अर्जही देऊन आली. सध्या ती सकाळी एका शिकवणीच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकवते आणि दुपारनंतर प्रयोगशाळेत असते. शिष्यवृत्तीचा दुसरा प्रयत्न पुढच्या खेपेला.

दरम्यान त्यांच्या माळवदावर तीन किलोवॅटचा संच बसला. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. बाकीची रक्कम वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घातली. बसवला अर्थातच मामेभावाने. ताई खाली उभी राहून कोन किती हवा ते सांगत होती आणि तो वरून "मला ठाऊक हाय गं" म्हणून ओरडत होता. आषाढात आठ दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा वडिलांचा चेहरा पडला. आता श्रावणानंतरचे ऊन आले आहे. रोज संध्याकाळी ते मोबाइल उघडून आज किती युनिटे झाली ते गल्लीला सांगतात. बारा झाली की त्या दिवशी मुलीच्या संशोधनाची चौकशी करतात. नऊ झाली की बँकेचा निकाल कधी, असे विचारतात.

परवा मी तिला म्हटले, "दिवाळी अंकात तुझ्याबद्दल लिहिते आहे. तुझी एक पिवळी काचपट्टी मला दे, टेबलावर ठेवीन."

"ती नको, काकू. कॅडमियम आहे, विषारी असतं. हातसुद्धा लावायचा नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "मी आता जस्ताच्या थरावर काम करतेय. तो अजून नीट चढत नाही, पट्टीच्या कडेला सुटतो. जमला की पहिली पट्टी तुमची."